कम्प्युटर म्हणाला, ‘ली’

पिंप्राळ्यात आमचं घर पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर होतं. खाली भिकाभाऊंची गिरणी, वर आम्ही. सकाळी नऊला खाली पट्टा फिरायला लागला की आमच्या फळीवरचे डबे एकमेकांशी बोलायला लागायचे, देवघरातली घंटी कुणी हात न लावता किणकिणायची आणि आईनं नुकत्याच पुसलेल्या ओट्यावर पिठाचा पातळ थर येऊन बसायचा. पाहुण्यांना ते सोसायचं नाही. आम्हाला मात्र गिरणी बंद पडली की चुकल्यासारखं व्हायचं. आई ज्वारी-उडीद मिसळून कळण्याचं दळण खाली पाठवायची आणि पीठ हाताला कोमट लागतंय तोवरच भाकरी थापायला बसायची. सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा ठेचा, त्यावर कच्चं तेल. आता माझ्याकडे पीठ दुकानातून बंद पिशवीत येतं. कोमट पिठाबद्दल मुलाला सांगायला गेले तर तो म्हणाला, “गरम करून द्यायचं का?” मी विषय सोडून दिला.

घरात आम्ही चौघं. नाना म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. कुठलीही अडचण आली की ते आधी कोरा कागद घ्यायचे आणि वर डावीकडे ‘प्रति,’ लिहायचे. नळाला पाणी आलं नाही, अर्ज. शेजारच्यांची कोंबडी जिन्यात आली, अर्ज. आई, मी, आणि चौथी अक्का. अक्का नानांची थोरली बहीण. साक्रीकडच्या एका खेड्यात उभं आयुष्य शाळेत शिकवून ती निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली, ती दोन ट्रंका, एक पत्र्याचं कपाट आणि अख्ख्या समाजाची लग्नं सोबत घेऊन. दरवर्षी धुळ्याला आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा भरायचा आणि त्याची पुस्तिका अक्का काढायची. तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, “येळच नही भेटना.” एरवी ती चांगली शुद्ध मराठी बोलायची, पण राग आला किंवा जीव कळवळला की थेट अहिराणीत उतरायची. त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते आम्हाला पहिल्या दोन शब्दांत कळायचं.

कम्प्युटर आला तो त्या पुस्तिकेसाठी. नानांच्या जुन्या कचेरीत मोडीत काढलेला, पिवळा पडलेला, सुरू होताना दमेकऱ्यासारखा घरघरणारा. अक्कानं त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला, कपाटाशेजारची जागा दिली आणि नियम केला की चपला घालून त्याच्यासमोर जायचं नाही. ती बसल्या जागेवरून मजकूर सांगायची, मी टाइप करायची. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची, घरातली एकमेव टायपिस्ट. एकशे सत्त्याऐंशी मुलामुलींची माहिती मी या दोन हातांनी भरली. एकाची अपेक्षा होती, ‘मुलगी नोकरी करणारी व पूर्ण वेळ घरात राहणारी.’ एकानं छंदाच्या रकान्यात ‘चहा’ लिहिलं होतं. फैजपूरच्या एका केळीवाल्याची एकच अट होती, ‘केळी आवडली पाहिजेत.’ सगळ्यांत तो एकटा मला प्रामाणिक वाटला.

एकशे सत्त्याऐंशीवी माहिती माझी होती. ती अक्कानं मला न विचारता स्वतः एका बोटानं भरली, आणि माझ्या उंचीत दोन इंच घातले. मी म्हटलं, “अक्का, माझं पान छापू नकोस. मला अजून शिकायचंय.” ती म्हणाली, “शिकताना लग्नाची अडचण होते असं कुणी सांगितलं?” मी म्हटलं, “तूच तर नाही केलंस.” त्यावर ती चष्मा पुसत राहिली आणि मग म्हणाली, “छापसू.” अहिराणी. म्हणजे विषय संपला.

हे भांडण गुरुवारचं. शनिवारी मी कम्प्युटर बिघडवला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता हे मी आजही शपथेवर सांगेन, पण तेव्हा कुणाला पटलं असतं?

झालं ते असं. सुजाताताई म्हणून माझ्या एक शिक्षिका होत्या. जळगावात त्यांच्या क्लासमध्ये मी कम्प्युटर शिकले, मग त्या धुळ्याला शिकवायला गेल्या. त्यांच्यामुळे मला या यंत्राची गोडी लागलेली. एका मासिकासोबत फुकट सीडी आली, तिच्यात एक नवी सिस्टिम होती. ती मी आमच्या यंत्रात जुन्या सिस्टिमच्या शेजारी बसवली. त्यासाठी डिस्कचे दोन भाग करावे लागतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. एका खोलीत मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडं करावीत तसं. यंत्र सुरू झालं की आधी एक दारवान उठतो आणि विचारतो, कोणत्या बिऱ्हाडात जायचंय? महिनाभर हे छान चाललं. मग माझ्या मैत्रिणीनं मला गाण्यांच्या तीन सीड्या दिल्या आणि जागा पुरेना. मी विचार केला, नवं बिऱ्हाड तसं रिकामंच आहे, पाडून टाकू. पाडलं. एवढंच मला ठाऊक नव्हतं की त्या दारवानाचं अंथरूण-पांघरूण सगळं त्याच बिऱ्हाडात होतं. कम्प्युटर बंद करून परत लावला, तर काळ्या पडद्यावर फक्त दोन अक्षरं आली. एल आणि आय. पुढे काही नाही. दारवानाला स्वतःचं नावसुद्धा पुरं आठवेना.

अक्का चष्मा लावून पुढं वाकली. “एल, आय… ली,” तिनं वाचलं. आता आमच्या बोलीत ‘ली’ म्हणजे ‘घेऊन’. ‘ली ये’ म्हणजे घेऊन ये. अक्का हबकली. “ली म्हनस हाऊ! काय ली? काय मांगी राह्यना?”

नाना स्वयंपाकघरातून उठून आले, त्यांनीही वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, “काहीतरी मागतोय खरा.” आईनं कुणाला न विचारता खोबऱ्याचा तुकडा आणि साखर वाटीत घालून कीबोर्डपुढे ठेवली. मी म्हणत होते की अगं, हे इंग्रजी आहे, याचा अर्थ तसा नाही. नाना म्हणाले, “मग कसा आहे?” तेही मला माहीत नव्हतं. त्यामुळे खोबरं तिथेच राहिलं आणि दुपारी मीच खाल्लं.

“पण हे झालं कशानं?” अक्कानं विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाडापाडी केली असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: दोनच दिवसांपूर्वी पान छापू नको म्हणून कोण भांडलं? मी म्हटलं, “लाईट… लाईट खालीवर झाली.”

खोटं बोलताना माणसानं ते कुठपर्यंत जाईल याचा अंदाज घ्यावा. मी घेतला नाही. तेवढ्यात खाली गिरणीचा पट्टा चढला आणि आमच्या डोक्यावरचा दिवा नेहमीप्रमाणे जरा मंद होऊन परत उजळला. अक्कानं दिव्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि पदर खोचून जिना उतरली.

“भिका! तुनी गिरनी सुरू व्हस तवय आमना दिवा डोया मिचकाडस! तूच मारा मना कम्प्युटर!”

भिकाभाऊ पिठानं पांढरे झालेले, भुवयांपासून पायांपर्यंत. आडदांड माणूस, पण अक्कापुढे चौथीतल्या मुलासारखा उभा राहायचा. “अक्का, गिरणी तर पंधरा वर्षांपासून चालू आहे,” एवढंच ते म्हणाले. ते बरोबर होतं, म्हणून अक्काला आणखी राग आला. तिनं अंगणात उभ्या असलेल्या चार बायांसमोर सांगितलं की एकशे सत्त्याऐंशी संसार भिकानं जात्यात घातले. आणि शेवटी जे बोलायला नको होतं तेही बोलली: “तुनी आंडेरनं पान मी पुस्तकमातून काढी टाकसू!” आंडेर म्हणजे मुलगी. भिकाभाऊंच्या कल्पनाची माहितीही आमच्याकडे होती. तिचा फोटो त्यांनी स्वतः, हात दोनदा धुऊन, आणून दिला होता. भिकाभाऊंनी हात मागे नेऊन बटण बंद केलं. गिरणी थांबली. मी वर जिन्यात उभी होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी परत घरात गेले.

मग चार दिवस आमचं दळण पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीत जात होतं. तिथे मिरचीही कांडत असत. त्या पिठाची भाकरी तव्यावर टाकली की घरभर ठसका उठायचा. आई थापताना शिंकायची, नाना खाताना शिंकायचे, आणि अक्का डोळे पुसत म्हणायची की चव चांगली आहे. नानांनी ‘प्रति, माननीय गिरणीमालक’ असा अर्ज लिहायला घेतला, पण कोणत्या गिरणीमालकाला ते ठरेना.

दरम्यान बाजारातला एक दुरुस्तीवाला येऊन गेला. त्यानं पडदा पाहिला, खुर्चीतही न बसता म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल.”

“म्हणजे?”

“सगळं पुसायचं आणि नव्यानं टाकायचं.”

“एकशे सत्त्याऐंशी पोरं शेतस त्यामा! पुसी टाकानं म्हनजे काय?” अक्का अशी कडाडली की त्या माणसानं आपली पिशवी छातीशी धरली. जिना उतरताना त्यानं मला हळूच विचारलं, “दुसरीकडे कॉपी नाही का?” होती ना. अक्कानं मला फ्लॉपीवर कॉपी करायला लावली होती, आणि ती हरवू नये म्हणून पत्र्याच्या कपाटाच्या दाराला लोहचुंबकानं चिकटवून ठेवली होती. येता-जाता डोळ्यांसमोर राहील म्हणून. “लोहचुंबकानं फ्लॉपी कोरी होते,” एवढं सांगून दुरुस्तीवाला उरलेला जिना उतरला.

मेळावा रविवारी. धुळ्याचा प्रेसवाला गुरुवारपर्यंत थांबणार होता. बुधवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या फोनवरून सुजाताताईंना फोन लावला. अक्का माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. “शेवटचं काय केलं होतंस?” एल-आयचं ऐकून ताईंनी विचारलं. “लाईट खालीवर झाली,” मी म्हटलं. तिकडून उत्तर आलं, “लाईटनं अशी अक्षरं येत नाहीत, शोभा.” मी म्हटलं, “हो ना.” ताई म्हणाल्या, “मोठा डबा तेवढा घेऊन ये. पडदा नको.”

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. अक्कानं तो डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, वरून क्रोशाचा रुमाल. कंडक्टरनं विचारलं, “आजी, काय आहे हे?” अक्का म्हणाली, “पेशंट आहे. धुळ्याला दाखवायला नेतेय.” कंडक्टरनं गोधडीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला खिडकी लावून घ्यायला सांगितली. एरंडोलच्या स्टँडवर एक बाई येऊन विचारून गेली, किती महिन्यांचं? पारोळ्यापर्यंत अक्का त्याला थोपटत होती. ती हे गमतीनं करत नव्हती. तिचा हात आपोआप चालला होता, आणि ते बघून मला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

सुजाताताईंच्या घरी पोचलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी अक्काला खाली वाकून नमस्कार केला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “अक्का, प्रेस दोन गल्ल्या सोडून आहे. तुम्ही जाऊन त्याला थोपवून धरता का? आम्ही दोघी बघतो.” अक्का गेली. ताईंनी दार लोटलं, डब्याला स्वतःचा पडदा जोडला, ‘एलआय’ पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. “आता सांग.”

मी सांगितलं. सीडी, भिंत, गाणी, पाडापाडी, लाईट, भिकाभाऊ, कल्पना, मिरचीची भाकरी, लोहचुंबक. लोहचुंबकापाशी ताईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. त्यांचे खांदे हलत होते. हसून झाल्यावर त्यांनी एक फ्लॉपी काढली, यंत्र तिच्यावरून सुरू केलं आणि मला खुर्चीत बसवलं. “मी नाही, तू टाइप कर. जुन्या बिऱ्हाडाला काही झालेलं नाही, फक्त दारवान बदलायचाय.” त्यांनी सांगितलेली एकच ओळ मी टाइप केली. घाईत ती तीनदा खोडावी लागली. एंटर दाबलं. काहीच झालं नाही, म्हणजे पडद्यावर साधं ‘झालं’ असंही आलं नाही. “आता फ्लॉपी काढ आणि परत लाव.” यंत्र घरघरलं. काळा पडदा. आणि मग आमचा तो जुना, फिक्या रंगाचा पडदा हळूहळू उजळला. मी फाइल उघडली. पहिलाच छंद ‘चहा’वाला. जगात त्या क्षणी मला त्याच्याइतकं देखणं कुणी वाटलं नाही.

अक्का परत आली तेव्हा ताई चहा गाळत होत्या. अक्कानं पडदा पाहिला, मटकन खाली बसली आणि नावं वाचत गेली, पोरं शाळेच्या सहलीहून परत आल्यावर मोजावीत तशी. मोजून झाल्यावर विचारलं, “काय व्हयनं व्हतं?”

ताईंनी गाळणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “अक्का, मी केलं होतं. लाईटनं नाही. भिकाभाऊंनी नाही. मी.”

तिनं अगदी हळू विचारलं, “लगीन करानं नही म्हनीसन करं का तू हाई?”

“नाही गं. गाण्यांसाठी जागा हवी होती.”

“गाना?”

“हो.”

“कितला गाना?”

“चाळीसेक असतील.”

अक्कानं कपाळावर हात मारला. माझ्या पाठीत एक धपाटा बसला, तो आजही आठवला की मी सरळ बसते. पण धपाटा घालणाऱ्या हाताचा जोर अर्ध्या वाटेत गेला होता हे मला जाणवलं. मला वाटतं, लग्न टाळण्यासाठी मी तिच्या कामाचा घात केला नाही, एवढ्यानंच तिचा जीव भांड्यात पडला होता.

दुपारी प्रेसमध्ये पानं लावताना ती एकटी आत गेली. मी बाहेर बाकावर. काचेतून दिसत होतं, ती प्रेसवाल्याला बोटानं काहीतरी दाखवत होती. छापलेली पहिली प्रत हातात आली तेव्हा मी शेवटचं पान उघडलं. एकशे शहाऐंशी. कल्पनाचं पान होतं, फोटोसकट, उजव्या हाताला, जिथे आधी नजर जाते तिथे. माझं नव्हतं. मी वर पाहिलं तर अक्का म्हणाली, “उंची चुकली होती.” शुद्ध मराठीत. पुढे सुजाताताईंच्याच हाताखाली मी दोन वर्षं कम्प्युटर शिकले आणि तीच माझी आयुष्यभराची भाकरी झाली. लग्नही केलं, सवडीनं. पण त्या दिवशी प्रेसच्या बाकावर मला एवढं पुढचं काही दिसत नव्हतं. एवढंच कळलं की अक्का आज माझ्यासाठी तिच्या यादीतून एक नाव कमी करून आली होती. असं तिनं पूर्वी कधीच केलं नव्हतं.

परतीच्या एसटीत एरंडोल मागे पडल्यावर ती म्हणाली, “भिकाला आपण काय सांगायचं?” तिनं ‘तू’ म्हटलं नाही, ‘आपण’ म्हटलं.

पिंप्राळ्यात रिक्षातून उतरलो तर गिरणीच्या बाजूला कमरेइतका खड्डा, आणि खड्ड्यात भिकाभाऊ. काठावर मिठाचं पोतं आणि कोळशाचं पोतं. वायरमननं म्हणे सांगितलं होतं की लाईटचा दोष काढायचा तर जमिनीत मीठ-कोळसा घालून नीट अर्थिंग करा. मजूर मिळेना, म्हणून शनिवारपासून बंद असलेली गिरणी तशीच ठेवून ते आज सकाळपासून स्वतः खणत होते. आम्हाला बघून त्यांनी कुदळ खाली ठेवली. “उद्या पुरं होईल, अक्का. परत असं होणार नाही.”

अक्का माझ्याकडे वळली. मी खड्ड्याच्या काठावर बसले, म्हणजे तोंडं समोरासमोर आली, आणि सगळं सांगितलं. भिकाभाऊंनी ऐकून घेतलं. खड्ड्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत खड्ड्याकडे पाहिलं. “म्हणजे गिरणीचा काही दोष नव्हता?”

“नव्हता.”

“कल्पनाचं पान?”

मी पुस्तिका उघडून धरली. त्यांनी हात शर्टाला पुसले, पण पुस्तिकेला लावले नाहीत. लांबूनच बघितलं. मग खड्ड्याबाहेर आले, आत गेले आणि बटण दाबलं. पाच दिवसांनी पट्टा फिरला. वर आमचे डबे बोलायला लागल्याचं मला खालपर्यंत ऐकू आलं. अक्का त्यांच्यामागे गिरणीत शिरली, जात्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “मनं चुकनं, भिका.”

भिकाभाऊंनी कानाला हात लावला. “काय?”

“मनं चुकनं!”

“ऐकू येत नाही, अक्का! गिरणी चालू आहे!”

चाळीस वर्षं वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज अक्कानं बाहेर काढला. दोन्ही हात तोंडाशी धरले, डोळे मिटले आणि सगळा श्वास लावून ओरडली. नेमक्या त्याच क्षणी भिकाभाऊंनी बटण बंद केलं.

“मनं चुकनं!!”

गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत गेलं ते. समोरच्या माडीवरून दोन डोकी बाहेर आली, सायकलवरून जाणारा एक माणूस पाय टेकून थांबला, आणि वर आमच्या खिडकीतून नानांनी घाबरून विचारलं, “कोण चुकलं?”

“आता आलं ऐकू,” भिकाभाऊ म्हणाले, आणि दळणाचा डबा मागायला त्यांनी अक्कापुढे हात केला.